गादा आणि मर्यादवेल

मालवणाहून दक्षिणेस तारकर्ली आणि तिथून देवबाग असा जो वाळूचा चिंचोळा पट्टा कर्ली नदीच्या मुखापर्यंत उतरत जातो, त्याच्या एका अंगाला अरबी समुद्र व दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी असून, या दोन पाण्यांच्या मध्ये सापडलेला तो मुलूख काही ठिकाणी इतका अरुंद होतो की, तिथल्या माडांच्या बागेत उभ्या असलेल्या माणसाला एकीकडून लाटांची गाज आणि दुसरीकडून खाडीच्या पाण्याचा हलका नाद एकाच वेळी ऐकू यावा. पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडू लागले म्हणजे या पुळणीवर सकाळच्या प्रहरी दोन जीवांचे दर्शन एकाच नजरेत घडू शकते. भरतीच्या शेवटच्या रेषेच्या वर, लाटेने आणून टाकलेल्या शिंपल्यांची व काटक्यांची ओळ जिथे संपते तिथून, जांभळट गुलाबी फुलांनी भरलेली मर्यादवेल वाळूवर पसरलेली असते. आणि त्याच रेषेच्या खाली, लाटा फुटतात त्याच्या थोडे पलीकडे, शिशाच्या रंगाची व मधोमध उंचवटा असलेली एक पाठ पाण्याबाहेर येते, उच्छ्वासाचा आवाज होतो, आणि ती पाठ सावकाश पुन्हा पाण्यात उतरते. मालवणी माणूस या प्राण्याला गादा म्हणतो. शास्त्रज्ञांच्या दफ्तरी त्याची नोंद सौसा प्लम्बिया, म्हणजे हिंदी महासागरातला हम्पबॅक डॉल्फिन, अशी आहे.

एक पशू आणि एक वेल यांना शेजारी ठेवून पाहण्याचे कारण केवळ त्यांचा शेजार हे नाही. दोघांचेही पूर्वज जमिनीवरचे, दोघेही कालांतराने समुद्राच्या दिशेने सरकले, आणि जमीन व जल यांच्या सरहद्दीवर, जिथे दोन्हीकडच्या फारच थोड्या प्रजांना वस्ती करता येते, तिथे दोघांनी आपली वहिवाट कायम केली. एकाने ती रेषा ओलांडली, दुसरी रेषेपाशी थांबली. पुढे मात्र या दोन कुळांच्या कहाणीत असा विलक्षण उलटफेर झालेला आहे, की ज्याला पोहण्याची अमर्याद शक्ती लाभली तो एका अरुंद पट्टीला बांधला गेला, आणि जिची मुळे वाळूत रुतलेली आहेत ती साऱ्या उष्ण कटिबंधाच्या किनाऱ्यांवर पोचली. माझ्या मते आपल्या किनाऱ्याच्या आजच्या दुरवस्थेचे मर्म समजण्यासाठी याच उलटफेराकडे पाहिले पाहिजे.

दोघांचीही शास्त्रीय ओळख आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून जगाला झाली, हेही नमूद करण्याजोगे आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारातील सुभेदार हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने कोचीन मुक्कामी जो ‘होर्टस मलबारिकस’ नावाचा बारा खंडांचा वनस्पतिकोश सिद्ध करवून 1678 ते 1693 या काळात आम्सटरडॅम येथे छापविला, त्याच्या अकराव्या खंडात मर्यादवेलीचे चित्र व वर्णन आलेले आहे. याच ग्रंथाच्या आरंभी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांनी 1675 साली दिलेला दाखला नागरी अक्षरांत छापलेला असल्यामुळे आपल्या भाषांच्या मुद्रणेतिहासातही त्याला मानाचे स्थान आहे. पुढे लिनियसने 1753 साली ही वेल आपल्या पद्धतीत दाखल करून घेतली. गाद्याची पाळी यायला आणखी पाऊणशे वर्षे लागली: फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ कुव्हिए याने 1829 साली मलबार किनाऱ्यावरच्याच नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. त्यानंतर दीर्घकाळ त्याला चीनकडच्या समुद्रातल्या त्याच्या भाऊबंदांत मिळवून टाकण्यात आले होते. स्वतंत्र जाति म्हणून त्याचा हक्क सर्वमान्य झाला तो 2014 साली.

आता त्यांच्या पूर्वपीठिकेकडे वळू. तिमी म्हणजे देवमासे व डॉल्फिन यांचे कूळ समुद्रातले नव्हे, ते जमिनीवरून समुद्रात गेले, याचे सर्वांत बोलके पुरावे भारतीय उपखंडाच्याच खडकांतून मिळालेले आहेत. कच्छच्या किनारी खडकांत अशोक साहनी व त्यांचे सहकारी यांना आदिम तिमींचे अवशेष सापडले. पाकिस्तानात अंबुलोसीटस नावाचा, चार पायांवर चालू शकणारा आणि तरीही पोहणारा तिमी सापडला. आणि जम्मू-काश्मीरमधील कालाकोटच्या सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीच्या थरांतून इंडोह्यूस हा लहानशा हरणासारखा खूरधारी प्राणी मिळाला, ज्याच्या कानाच्या हाडाची ठेवण फक्त तिमींच्या कुळातच आढळते. या अवशेषांवरून व आजच्या जनुकीय तपासण्यांवरून असे ठरले आहे की, गाद्याचे सर्वांत जवळचे हयात नातलग म्हणजे पाणघोडा, आणि त्यापुढचे म्हणजे गाय, हरीण, शेळी यांसारखे दुभंगलेल्या खुरांचे प्राणी. गर्भावस्थेत आजही डॉल्फिनच्या पिलाला मागच्या पायांचे अंकुर फुटतात आणि काही आठवड्यांत विरून जातात. मर्यादवेलीचे पान टोकाशी दुभंगून शेळीच्या खुरासारखे दिसते; तेव्हा पाण्यातल्या प्राण्याने जो खूर टाकून दिला त्याचीच आकृती काठावरच्या वेलीने पानात धारण करावी, हा निसर्गातला योगायोग मला फार रम्य वाटतो. योगायोगापेक्षा अधिक त्यात काही नाही. वेलीचे स्वतःचे सगेसोयरे शेतात व कुंपणावर आहेत: उपवासाचे रताळे तिच्याच प्रजातीतले, आणि गावोगावच्या कुंपणांवर चढणारी गारवेलही त्यातलीच.

समुद्राशी सलगी करणाऱ्या प्रत्येक भूमिपुत्राला पहिला कर द्यावा लागतो तो मिठाचा. खारे पाणी पिऊन तहान भागत नाही, उलट वाढते. म्हणून गादा समुद्राचे पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याला लागणारे पाणी त्याने खाल्लेल्या माशांच्या शरीरातून आणि त्या आहारातील चरबी जळताना निर्माण होणाऱ्या पाण्यातून मिळते, आणि जे मीठ शरीरात शिरतेच ते त्याची शेकडो लहान लहान खंडांनी बनलेली मूत्रपिंडे गोळा करून बाहेर टाकतात. मर्यादवेलीला मूत्रपिंड नाही. तिने निराळी तजवीज केली आहे: पाने जाड व रसरशीत करून त्या पाण्यात आलेले मीठ सौम्य करायचे, पेशींच्या आतल्या कप्प्यांत ते बंदिस्त ठेवायचे, पानावर मेणासारखा थर चढवून तुषारांना व उन्हाला थोपवायचे, आणि वाळूच्या खोलवर, जिथे पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत साठलेले असते तिथवर, मुख्य मूळ पोचवायचे. पुळणीवरची वाळू दुपारी इतकी तापते की अनवाणी माणसाला त्यावर उभे राहवत नाही. अशा जागी, खताचा अंश नसलेल्या रेतीत, ही वेल बारा महिने हिरवी राहते.

तिचे फूल पहाटे उमलते आणि दुपार टळता टळता मिटून जाते. तेवढ्या अवधीत भुंगे व मधमाश्या येऊन गेल्या पाहिजेत, कारण एकाच वेलीच्या परागांवर तिचे बहुधा बीज धरत नाही. या ठिकाणी एक प्रश्न उभा राहतो, जो गाद्याच्या बाबतीत कधी उद्भवत नाही: एक वेल म्हणजे किती? तिचे धावरे वाळूवरून कित्येक मीटर पसरतात, पेरापेराला मुळे सोडतात, मधला भाग वाळूखाली गाडला गेला किंवा तुटला तरी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे जगतात. तेव्हा एका पुळणीवर फुललेला सारा विस्तार एकाच बीजाचा आहे की शंभर बीजांचा, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. गाद्याची गोष्ट याच्या अगदी उलट. त्याच्या पाठीवरच्या पराच्या कडेला जाळ्यांनी, भांडणांनी, अपघातांनी पडलेल्या खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आणि त्यांची छायाचित्रे जमवून अभ्यासक एकेका प्राण्याचे खाते उघडतात, त्यात वर्षानुवर्षे नोंदी करतात. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर कोंकण सिटेशियन रिसर्च टीम या तरुण अभ्यासकांच्या गटाने अशा रीतीने गाद्यांचा मागोवा घेतला, आणि त्याबरोबरच कोळीवाड्यांत व गाबितांच्या वस्त्यांत बसून मच्छीमारांचे म्हणणे लिहून घेतले, हे काम मला अत्यंत मोलाचे वाटते.

अशी खाती उघडल्यावर जे हिशेब हाती येतात ते चिंता वाटावी असे आहेत. गाद्याची मादी वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास प्रथम विते, गर्भ जवळजवळ वर्षभर वाढतो, एका वेळी एकच पिलू होते, आणि पुढचे पिलू होण्यास साधारणतः तीन वर्षे जातात. चाळीस वर्षांहून अधिक जगणाऱ्या या प्राण्याच्या हयातीत होणारी संतती त्यामुळे मोजकीच, आणि एका वस्तीतल्या दोन प्रौढ माद्या एका हंगामात जाळ्यात बुडून मेल्या तर ती तूट भरून निघण्यास एक पिढी लागावी. दक्षिण आफ्रिकेत जिथे या प्राण्याची गणना सर्वांत कसून झाली, तिथे सबंध देशाच्या किनाऱ्यावर 500 हूनही कमी गादे उरले असल्याचे आढळले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2017 साली या जातीची गणना संकटग्रस्तांत केली ती याच कारणास्तव.

आणि इथेच मी वर म्हटलेला उलटफेर आड येतो. फॉल्स बे या आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या उपसागरापासून पूर्व आफ्रिका, तांबडा समुद्र, अरबस्तान व इराणी आखात यांच्या कडेकडेने आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत या प्राण्याचा वास आहे. लांबी हजारो मैलांची, पण रुंदी मात्र काठापासून थोड्याच मैलांची, कारण साधारण 25 मीटरहून अधिक खोल पाण्यात तो सहसा जात नाही. खाडीची तोंडे, खडकाळ भूशिरे, वाळूच्या दांड्यावरचे गढूळ पाणी, या त्याच्या शिकारीच्या जागा; तिथे डोळ्यांचा उपयोग थोडा, म्हणून तो आवाजाच्या लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून बोयी, तारली, ढोमे हुडकतो. खोल समुद्र त्याला पोहून जाता येत नाही असे नाही. पण त्याचे अन्न, त्याचे शिक्षण, त्याच्या आईने दाखवलेल्या वाटा साऱ्या उथळ पाण्यातल्या. त्यामुळे एखाद्या किनाऱ्यावरून तो नाहीसा झाला तर दूरच्या किनाऱ्यावरून दुसरे कोणी तिथे येऊन वस्ती करील, हा भरवसा धरता येत नाही.

मर्यादवेलीला असा भरवसा आहे. तिच्या बोंडातल्या चार मखमली बिया लाटेबरोबर सुटल्या की महिनेच्या महिने तरंगत राहतात आणि खाऱ्या पाण्यात भिजूनही त्यांचा अंकुर मरत नाही. म्हणून ती वेळासच्या पुळणीवर आहे, कालंगुटला आहे, मद्रासला, ऑस्ट्रेलियात, मोझांबिकमध्ये आणि ब्राझीलमध्येही आहे. 1883 साली सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाटोआ बेटाचा स्फोट होऊन त्यावरचे सारे जीवन राखेखाली गाडले गेले. पुढे पंधरा वर्षांच्या आत तिथे गेलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना किनाऱ्याच्या वाळूवर मर्यादवेलीचा पट्टा पसरलेला आढळला. समुद्राने तिला तिथे नेले होते. वेलीला फक्त मोकळी वाळू लागते.

ती मोकळी वाळूच आपण नाहीशी करीत आहोत, म्हणून तिच्या कामाविषयी विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. उघाडीच्या महिन्यांत समुद्रावरून येणारा वारा कोरडी वाळू उडवीत आत आणतो. वेलीच्या पानांत व देठांत ती अडकते, वेल तिच्याखाली गाडली जाऊ लागते, तशी ती नव्या पेरांतून वर येते आणि पुन्हा वाळू अडवते. मागाहून रावणाची मिशी हे काटेरी गवत येते, त्यामागे निर्गुडी, केवडा, उंडी येतात, आणि काही वर्षांत पुळणीच्या पाठीशी वाळूची टेकडी उभी राहते. आषाढातल्या उधाणाला ही टेकडी म्हणजे तगाईची रक्कम आहे: समुद्र तिच्यातली वाळू ओढून नेतो, काठापासून काही अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा घालतो, त्या दांड्यावर मोठ्या लाटा आधीच फुटतात, आणि हंगाम पालटला की त्याच वाळूची परतफेड पुळणीला होऊ लागते. त्या दांड्यावरच्या उथळ पाण्यात गादा शिकार करतो. एकच वाळू अर्धे वर्ष वेलीच्या ताब्यात आणि अर्धे वर्ष गाद्याच्या मुलखात असते.

जिथे ही देवघेव मोडली तिथे काय होते, ते देवबागेपासून रायगड जिल्ह्यापर्यंत अनेक गावांनी अनुभवले आहे. टेकडी सपाट करून तिच्यावर निवास, उपाहारगृह किंवा रस्ता उभा राहतो. दोन-चार पावसाळ्यांत समुद्र अंगणाशी येतो. मग लोकांची रास्त तक्रार होते, आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे काम मंजूर होऊन काळ्या दगडांची रास किनाऱ्यावर पडते. दगडावर आपटलेली लाट तितक्याच जोराने माघारी फिरते आणि बंधाऱ्याच्या पायथ्याची वाळू खरवडून नेते. बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना, जिथे दगड संपतात तिथे, शेजाऱ्याची जमीन आधीपेक्षा वेगाने जाऊ लागते, म्हणून बंधारा आणखी लांबवावा लागतो. ज्याचे घर पडायला आले आहे त्याला वेलीचे माहात्म्य सांगत बसणे निर्दयपणाचे होईल, आणि काही जागी दगडांवाचून गत्यंतर उरलेले नाही हेही खरे. पण जिथे घर अजून पन्नास पावले मागे आहे आणि वेल अजून जिवंत आहे, अशा गावांतही पहिला प्रस्ताव बंधाऱ्याचाच जावा, हे मला सर्वस्वी गैर वाटते. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते या वादळांनी माडा-पोफळींच्या बागा भुईसपाट केल्या, त्यानंतर तर हा विचार अधिक निकडीचा झाला आहे. सुरूची लागवड हा त्यावरचा सोपा उपाय समजला जातो; परंतु सुरूच्या दाट सावलीत व पडलेल्या काड्यांच्या थराखाली सूर्याची भुकेली मर्यादवेल तग धरीत नाही, आणि वाळू बांधण्याचे मूळ काम करणारीच तिथून उठते.

पाण्याच्या बाजूची कैफियत निराळी आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात होडीने जाळे सोडून, दोन्ही टोके गावकऱ्यांनी मिळून वाळूवर ओढण्याची जुनी पद्धत. तिचे दोर या वेलीवरूनच ओढले जातात आणि तिच्या घेऱ्यातल्या माशांवर गाद्याचाही डोळा असतो. गादा काठाशी आला म्हणजे मासा आला असे म्हणणारे जुने रापणकर आणि गादा जाळे फाडून मासा पळवतो म्हणून संतापणारे आजचे जाळीवाले, असे दोन्ही प्रकारचे बोलणे त्या किनाऱ्यावर ऐकू येते, आणि दोन्हींत तथ्य आहे. नायलॉनच्या उभ्या जाळ्याचा धागा इतका बारीक असतो की, त्याचा प्रतिध्वनी गाद्याला पुरेसा मिळत नाही. मासा खेचताना तो गुरफटला तर श्वासासाठी वर येऊ न शकल्याने काही मिनिटांत गुदमरतो. मच्छीमाराचे जाळे जाते, आणि गाद्याचा जीव जातो. या दोघांना एकमेकांसमोर उभे करणारे खरे कारण दोघांच्याही ताकदीबाहेरचे आहे: पर्ससीन व ट्रॉलर यांनी काठालगतचा मासा उपसून नेल्यावर जे उरते त्यावर दोघांनाही भागवावे लागते. राज्याने 1981 साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला आणि 2016 साली पर्ससीनवर निर्बंध घालणारा हुकूम काढला. त्यांचा अंमल कडक झाला तर रापणकराचे व गाद्याचे हित एकाच वेळी साधेल, असे माझे ठाम मत आहे.

कायद्याच्या दृष्टीने या दोन शेजाऱ्यांची स्थिती मोठी विषम आहे. गाद्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. पण ज्या उथळ पट्ट्यावाचून तो जगत नाही, त्यातला फार थोडा भाग संरक्षित आहे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले खरे, परंतु त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर एवढेच. मर्यादवेलीचे उलट. तिचे नाव कोणत्याच अनुसूचीत नाही, तिला उपटणाऱ्या इसमावर कोणी खटला भरणार नाही. मात्र ती ज्यावर वाढते त्या वाळूच्या टेकड्यांना किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत, 1991 पासून आजच्या 2019 च्या अधिसूचनेपर्यंतच्या वाटचालीत, सर्वांत संवेदनशील वर्गात जागा मिळाली आहे. हे संरक्षण नकाशावर अवलंबून आहे. नकाशात टेकडी दाखवली असेल तर ती आहे. दाखवली नसेल तर जागेवर कितीही उंच असली तरी कागदोपत्री तिथे मोकळी जमीन आहे. किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यांवर जनसुनावणी होते तेव्हा ग्रामसभेने आपल्या पुळणीवरची प्रत्येक टेकडी नकाशात आली आहे की नाही हे पाहावे आणि आली नसल्यास लेखी हरकत नोंदवावी.

दिवाळीच्या सुटीत कोकणात उतरणाऱ्या वाचकांपैकी अनेकजण गादे पाहण्यासाठी होडीत बसतील. इंजिनाच्या घरघरीत गाद्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येत नाही आणि आई-पिलांची ताटातूट होऊ शकते. तेव्हा जवळ नेण्याचा आग्रह न धरता तांडेलाला इंजिन मंद करून दूर थांबायला सांगावे, आणि पैसे तेवढेच द्यावेत. मोटार पुळणीवर उतरवू नये. तिच्या चाकांखाली वेलीचे धावरे तुटतात आणि बांधलेली वाळू मोकळी सुटते. आणि एखाद्या बंदरात मच्छीमारांशी बोलण्याचा प्रसंग आला तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगावी: जाळ्यात अडकलेला गादा, कासव किंवा अन्य संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून दिला आणि त्याचे छायाचित्र अथवा चित्रफीत काढून अर्जासोबत जोडली, तर डिसेंबर 2018 पासून चालू असलेल्या राज्य शासनाच्या योजनेनुसार कांदळवन कक्षाकडून जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते.